रबरातून आलेलं पाणी

आमच्या घरात गिझर आला तो पाण्याच्या आधी. नळ होते, गच्चीवर सिमेंटची टाकी होती, न्हाणीला पांढऱ्या फरश्या होत्या. पाणी तेवढं नव्हतं. जुन्या शहरातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही सिडकोत स्वतःच्या घरात राहायला आलो त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. चहूकडे खणलेले पाये, विटांचे ढीग, मधूनच उगवलेली एखादी पिवळी इमारत, आणि रस्ता म्हणून आखलेल्या पण अजून रस्ता न झालेल्या मुरुमाच्या पट्ट्या. शहर हर्सूलच्या अंगानं पसरत होतं, वाळूजच्या अंगानं पसरत होतं, आणि नेमकी त्याच वर्षांत पावसानं पाठ फिरवली. माझा थोरला भाऊ श्रीकांत वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला लागला आणि पहिल्या दिवाळीला त्यानं घरात साडी नाही, मिठाई नाही, तर गिझर आणला. खोक्यातून तो पांढरा, पोटफुगा ऐवज बाहेर निघाला तेव्हा आई त्याला हळदकुंकू लावायला निघाली होती. तो भिंतीवर टांगला गेला आणि नुसता टांगलेलाच राहिला. संक्रांत गेली, शिमगा झाला, तरी त्याच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. त्याच्या खालच्या दोन तोट्या आणि भिंतीतून डोकावणारे दोन नळ यांच्यात वीतभर अंतर होतं, आणि त्या वीतभर अंतरात आमच्या घराचं घोडं अडलं होतं.

पाणी आधी दिवसाआड यायचं, मग चार दिवसांआड, मग त्याला वाटेल तेव्हा. यायच्या आधी नळातून नुसती हवा यायची, एखादा म्हातारा खाकरतो तसा आवाज करत, आणि तो आवाज झाला की घरातला प्रत्येक जण हातातलं टाकून उठायचा. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणी एका जागी स्वस्थ बसलेलं मला आठवतच नाही. आई भाकरी थापता थापता मान वळवून मोरीकडं बघायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन बसले होते; पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं, म्हणून मी पुस्तक उघडायची, मिटायची, गच्चीवर जायची, टाकीचं झाकण उचलून आत बघायची, परत खाली यायची. भांडी घासायला पाणी नको म्हणून आम्ही पळसाच्या पत्रावळींवर जेवायचो. पिठलं, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, असं ज्याला पाणी कमी लागतं ते शिजायचं. रात्रंदिवस टँकरचे भोंगे, बांधकामावरच्या मिक्सरची घरघर, आणि त्यातून शेजारच्या कुणाच्या तरी नळाला आलेलं पाणी आपल्याला का नाही आलं, यावरून गल्लीत चाललेली भांडणं. आज माझ्या फ्लॅटमध्ये बारा महिने नळ वाहतो, तरी रिकामी बादली दिसली की माझा हात आपोआप तिच्याकडं जातो.

या सगळ्यात एकच माणूस असं होतं की ज्याच्या कामाची वेळ ठरलेली होती, आणि ती म्हणजे आक्का. आक्का बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भावाकडं आली आणि इथलीच होऊन गेली. घरात तिचं सोवळं होतं, देवाचं तिच्याकडं होतं, आणि पहाटेचा बंब तिच्याकडं होता. भाड्याच्या खोल्यांतून सामान हलवलं तेव्हा हातगाडीवर सगळ्यात वर तो तांब्याचा बंबच बसलेला होता. पहाटे चारला आक्का उठायची, काल रात्रीची राख काढायची, श्रीकांतनं कारखान्यातून आणलेल्या खोक्यांच्या फळ्या फोडून घालायची आणि डोळे चोळत समोर बसून राहायची, कारण त्या चिंधीसारख्या लाकडाचा जाळ क्षणात भडकायचा आणि क्षणात विझायचा. बाबांना बाराही महिने कढत पाणी लागे. बाहेर वैशाख भाजून काढत असला तरी अंगावर घेतलेल्या पहिल्या तांब्यानं ‘हाऽ’ झालं नाही तर त्यांना अंघोळ झाल्यासारखी वाटत नसे. आईचे गुडघे धरलेले, तिला बंबासमोर बसणं जमत नव्हतं आणि बादली उचलणंही. म्हणून पहाटेचं सगळं आक्काच्या अंगावर होतं, आणि ते इतकी वर्षं होतं की त्याला कुणी काम म्हणत नसे.

गिझर जोडायला रफिकभाई नावाचे नळवाले आले होते. भिंतीला दोरी लावून, एक डोळा मिटून बघून ते म्हणाले, दीवार तिरछी है साब, लोखंडाचा तुकडा इथं बसायचा नक्को, दोन नरम नळ्या आणा, पाच मिनिटांचं काम आहे. नरम नळी म्हणजे काय ते त्यांनी पिशवीतून काढून दाखवलं: वरून तारांची वेणी घातलेली, हातात वाकणारी, दोन्ही टोकांना पितळी नट. बाबांनी ती हातात घेतली नाही. आत काय असतं, एवढंच त्यांनी विचारलं. आत रबर. आणि नटातली चकती? तीही रबराची, आधी चमड्याची यायची. झालं. बाबांच्या कपाळाला आठी पडली. आमचे आजोबा वेरूळला उपाध्येपण करायचे आणि गावात नळ आल्यावरही त्यांनी तोटीतली चामड्याची चकती मनात धरून मरेपर्यंत विहिरीचंच पाणी वापरलं, ही गोष्ट बाबा अभिमानानं सांगत. स्वतः बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, हॉटेलात चहा प्यायचे, नळाचं तर सोडाच, टँकरचं पाणीही प्यायचे. त्यांना स्वतःसाठी काहीच अडत नव्हतं. पण घरात आक्काचं सोवळं होतं. ‘‘तिनं या रबरातून आलेल्या पाण्यानं अंघोळ करून देवाला नैवेद्य करायचा? मला नाही चालणार,’’ ते म्हणाले, आणि रफिकभाई चहा पिऊन निघून गेले. हे चाललं होतं तेव्हा आक्का गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. तिला खाली बोलवावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. तिच्या वतीनं तिचं सोवळं सांभाळायची आमच्या घराला इतकी सवय झाली होती.

बाबा मात्र हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतले नव्हते. तांब्याला विटाळ नाही, म्हणून त्यांनी तांबटाकडून दोन तांब्याच्या नळ्या घडवून घेतल्या. त्या आल्या तेव्हा दिसायला इतक्या देखण्या होत्या की आईनं आधी देवापुढं ठेवल्या. पाण्याच्या दिवशी टाकी भरली, बाबांनी आणि श्रीकांतनं त्या नळ्या ठोकून, ओढून, सुतळी गुंडाळून आणि सफेदा थापून कशाबशा बसवल्या आणि कॉक उघडला. चारही टोकांतून पाणी उडालं. श्रीकांत दोन्ही हातांनी एक टोक दाबून धरतोय, बाबा दुसरं, आई पातेली सरकवतेय आणि मी गच्चीवर टाकीचा कॉक बंद करायला पळतेय, असा तो तमाशा झाला. चार दिवसांच्या पाण्यातलं निम्मं पांढऱ्या फरश्यांवरून मोरीत गेलं. बाबा भिजलेल्या धोतरानं तसेच उंबऱ्यावर बसले. पाणी गेल्याचं दुःख होतंच, पण त्यांना खरं लागलं ते बहिणीसाठी म्हणून केलेलं वाया गेल्याचं, हे मला तेव्हाही कळलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीतून पुन्हा धूर यायला लागला.

अशातच एके दिवशी रेक्टरबाई आल्या. हर्सूलच्या बाजूला मुलींचं एक नवं वसतिगृह झालं होतं. कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडच्या पोरी शिकायला यायच्या आणि तिथं राहायच्या. शेजारच्या मुंजीत रेक्टरबाईंनी आक्काच्या हातची येसराची आमटी खाल्ली होती. येसर म्हणजे आमच्याकडचं भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. आमटीला ते आक्का लावायची तसं कुणाला लावता येत नसे. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की त्यांना स्वयंपाकघर सांभाळणारं माणूस हवंय, राहायला वेगळी खोली आहे, शाळा-कॉलेजं उघडायच्या आत यायला हवं, आणि ते माणूस आक्का असावी असं त्यांना वाटतंय. बाबांनी त्यांना मानानं बसवलं, पोहे दिले आणि म्हणाले, ‘‘आक्का घरातली मोठी. तिच्यावाचून आमच्याकडं पान हलत नाही. आता सकाळचं पाणीच बघा ना, ती गेली तर बंब कोण पेटवणार?’’ आत आक्का चहा गाळत होती. मी तिच्याजवळ उभी होते. गाळणं कपावर तसंच धरून ती थांबली, चहा संपून नुसती पत्ती ठिबकायला लागली तरी थांबली, मग ट्रे माझ्या हातात दिला. रेक्टरबाई जाताना एवढंच म्हणाल्या की मी जूनपर्यंत दुसरं कुणी बघत नाही.

त्या दिवसापासून आक्काचंही पाऊल ठरेना. इतकी वर्षं घड्याळासारखी चालणारी बाई, पण आता ती डब्यातली डाळ दुसऱ्या डब्यात ओतायची, परत पहिल्यात ओतायची. देवाची भांडी दिवसातून दोनदा घासायला काढायची आणि पाणी आठवलं की तशीच ठेवायची. उन्हं उतरली की गच्चीवर जाऊन या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत येरझारा घालायची. एकदा पापड लाटता लाटता तिनं मला सहज विचारल्यासारखं विचारलं की हर्सूलची बस टीव्ही सेंटरवरनं जाती का गं. मी जाते म्हटलं. मग तिनं पुढचे सगळे पापड वाकडे लाटले. तिला जायचं होतं. हे मला एका क्षणात कळलं आणि ते मला नको होतं. एक म्हणजे माझी आक्का जाणार. मी तिच्याच खोलीत, तिच्याच गोधडीत लहानाची मोठी झाले होते. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, ती गेली की पहाटे चारला घरातलं दुसरं कोण उठवलं जाईल हेही मला स्पष्ट दिसत होतं.

शेवटी मीच गच्चीवर तिला गाठलं. बाबांना सांगून का टाकत नाहीस, म्हणून विचारलं. ती थांबली नाही. चालता चालताच बोलली आणि मी तिच्या मागं चालत राहिले.

‘‘काय सांगू? दत्ता भाऊ असून मला कधी उणं बोलला नाय. तुझ्या आईनं कधी ताट आपटलं नाय माझ्यापुढं. त्यांना कसं म्हणू, की तुमचं पाणी तापवायचा मला आता लई कंटाळा आलाय म्हणून?’’

मग जरा वेळानं म्हणाली, ‘‘तिथं पोरी उपाशी कॉलेजला जातात म्हणं. चार घास गरम मिळाले तर शिकतील की.’’

मी म्हटलं, गिझर चालू झाला असता तर बाबांची अडचणच उरली नसती, पण तुझ्या सोवळ्याला रबर चालत नाही ना. आक्का तिथंच थबकली. कठड्याला टेकून माझ्याकडं बघायला लागली आणि हसली. तिच्या तोंडावर हसू मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

‘‘मला कुणी विचारलंय?’’

इतक्या वर्षांनंतरही मी या प्रश्नाशी अडखळते. बाबांना खरोखरच तिच्या सोवळ्याची काळजी होती, की ती काळजी त्यांना सोयीची होती? दोन्ही असावं. माणूस ज्याच्यावर माया करतो त्याच्यावर अवलंबून राहायला किती पटकन शिकतो, हे मी पुढं माझ्या स्वतःच्या संसारातही पाहिलं. पण त्या संध्याकाळी मला एवढंच कळत होतं की आमच्या घरातली सगळी माणसं आक्काच्या नावानं आक्कालाच अडवून बसली आहेत, आणि मला त्याचा भयंकर राग आला होता.

आक्कानं भिंतीवरचं ते वीतभर अंतर मोजायला वातीचं सूत घेतलं. देवाच्या वातींसाठी ती स्वतः कापसाचं सूत काढायची, त्यातलाच एक धागा. गिझरच्या तोटीपासून भिंतीतल्या नळापर्यंत तिनं तो धरला, गाठ मारली, दुसऱ्या बाजूचं मोजून दुसरी गाठ मारली आणि धागा कनवटीला लावला. दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत आणि श्रीकांत कारखान्यात गेल्यावर आम्ही दोघी शहागंजला निघालो. आईला काही सांगितलं नव्हतं. पण दाराशी तिनं कापडी पिशवी पुढं केली आणि म्हणाली, ‘‘वन्सं, त्या चकत्या दोन जास्तीच्या घ्या. एखादी खराब निघते.’’ आक्कानं तिच्याकडं बघितलं, पिशवी घेतली आणि पायरी उतरली.

शहागंजात त्या वेळीही पाय ठेवायला जागा नसायची. कापडाचे ढीग, खजुराच्या गाड्या, अत्तराचा आणि गटाराचा एकत्र वास, सायकलींच्या घंट्या. आक्का या बाजारात आयुष्यभर आली होती ती कुंकू, कापूर आणि हरभऱ्याची डाळ घ्यायला. नळाच्या सामानाच्या दुकानात ती पहिल्यांदाच चढत होती, पांढऱ्या पातळाचा पदर डोक्यावरून घट्ट घेऊन, आणि दुकानातले मिस्त्री आपोआप बाजूला सरले. दाढीला मेंदी लावलेले म्हातारे दुकानदार उठून उभे राहिले. आक्कानं कनवटीचं सूत काढून काचेवर ठेवलं आणि या मापाच्या दोन नळ्या द्या म्हणाली. त्यांनी प्लॅस्टिकची दाखवली, मग वेणीची दाखवली. तिनं वेणीची उचलली, अंगठ्यानं दाबली, वाकवली, एका टोकातून फुंकर घालून दुसऱ्या टोकाला तळहात धरून बघितला. मग विचारलं, याच्या आत चामडं आहे का?

म्हाताऱ्यांनी कानाला हात लावले. ‘‘तोबा, चमड़ा बिल्कुल नहीं, अम्मा. सब रबर है. आप बेफिकीर ले जाओ.’’

‘‘असलं तरी मला चालंल,’’ आक्का म्हणाली. ‘‘गळती का तेवढं सांगा.’’

म्हाताऱ्यांनी नळी परत हातात घेतली. गळणार नाही, ते म्हणाले, फक्त ताणून बसवू नका, जरा ढिली राहू द्या, नाहीतर नटापाशी चिरते; म्हणून सुतापेक्षा चार बोटं लांब घ्या. आक्काला ते पटलं. परतताना सिटी बसच्या गर्दीत तिनं पिशवी छातीशी धरली होती, आणि मला आठवतंय, तिचा गुडघा सबंध वाटभर हलत होता, शाळेतल्या पोरीचा हलतो तसा.

पुढचा गुरुवार पाण्याचा निघाला. गुरुवार बाबांच्या दत्तगुरूंचा. त्या दिवशी ते कचेरीतून आले की नैवेद्य दाखवून मग पंगत बसायची. टाकी भरेपर्यंत आक्कानं मला तीनदा वर पाठवलं. श्रीकांतचा पाना खाटेखालून काढला, मी स्टुलावर चढले, आक्का खालून एकेक हातात देत राहिली. तोटीच्या कड्यांना निळा आणि लाल रंग होता. मी खोक्यावरचं इंग्रजी वाचत बसले तर ती म्हणाली, निळं गारच असणार, त्यात काय वाचायलीस. चकती नटात नीट बसलीय का ते बोट घालून बघायचं, नट आधी हातानंच फिरवायचा, आडवा चढायला लागला तर जोर न करता परत सोडवायचा, आणि शेवटी तेवढा पाना लावायचा: हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण लोणच्याच्या बरणीची झाकणं लावणाऱ्या बाईला ते सांगावं लागत नाही. रफिकभाई म्हणाले होते तसं पाच मिनिटांत काही झालं नाही. माझे दंड भरून आले. आई दारात उभी राहून म्हणत होती की ह्यांना कळलं तर, आणि तेवढ्यातच मला दिवा दाखवत होती.

मग कॉक उघडला. आम्ही तिघीही श्वास धरून उभ्या होतो. तांब्याच्या नळ्यांचा दिवस कुणी विसरलं नव्हतं. आज पाणी गेलं असतं तर बाबांना तोंड दाखवायची सोय नव्हती, आणि आक्काला पुन्हा हा विषय काढता आला नसता. गिझरच्या पोटात पाणी चढत असल्याचा गुडगुड आवाज यायला लागला. खालची गरम पाण्याची तोटी उघडी ठेवली होती. तीतून आधी हवा खाकरली, मग धार पडली, म्हणजे पोट भरलं. आक्कानं कोरड्या फडक्यानं चारही नट पुसले आणि एकेकाला बोट लावलं. तिसऱ्या नटाखाली थेंब धरला होता. मी पान्यानं अगदी जरासा आवळला. तिनं परत पुसलं, परत बोट लावलं आणि बोट माझ्यापुढं धरलं. कोरडं होतं. आईनं तिथंच भिंतीला पाठ टेकली आणि डोळ्यांना पदर लावला. आक्का म्हणाली, बटण दाब आता.

त्या पाण्यानं पहिली अंघोळ आक्कानं केली. दार लोटून ती आत गेली आणि तांब्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. एरवी तिची अंघोळ बाहेरच्याला कळतही नसे. नंतर सोवळं नेसून ती चुलीपाशी बसली आणि पुरणाचा स्वयंपाक केला. संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुतले, नैवेद्य दाखवला, पानावर बसले. येसराची आमटी त्यांनी दोनदा घेतली. जेवण अर्ध्यावर आल्यावर आक्का समोर पाटावर येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘दत्ता, आजचा सगळा स्वयंपाक मी गिझरच्या पाण्यानं अंघोळ करून केलाय. नळ्या रबराच्या आहेत. मी आणि तुझ्या नंदीनं बसवल्या.’’

बाबांचा हात पानातच राहिला. त्यांनी एकदा देव्हाऱ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. ‘‘आक्का, तुझं सोवळं...’’

‘‘माझं सोवळं माझ्यापाशी आहे. तू कशाला सांभाळायलास?’’ मग तिचा आवाज खाली आला. ‘‘तू माझ्यासाठी तांब्याच्या नळ्या केल्यास. मी विसरायची नाय ते. पण तू मला एकदा विचारायला पाहिजे होतं, रे.’’

बाहेर टँकर भोंगा देत गेला. मग तिनं सांगितलं की ती हर्सूलला जाणार आहे, रेक्टरबाईंना उद्या निरोप धाडायचा आहे. बाबांनी आमटीची वाटी जरा पुढं सारली. आणि शेवटी बोलले ते हे: ‘‘आणि सकाळचं पाणी?’’

तेव्हा मला या वाक्याची इतकी चीड आली की मी उठून मोरीत गेले. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलेय आणि मला वाटतं, ‘जाऊ नकोस’ म्हणायला त्या माणसाकडं दुसरे शब्दच नव्हते. आक्काला ते तेव्हाच कळलं असावं. ती उठली, त्यांच्या पानात पुरणाची पोळी वाढली, वर तूप घातलं. ‘‘ते आता भिंतीवर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तू जेव.’’

आक्का गेली ती एक ट्रंक, देवातला बाळकृष्ण आणि येसराचा डबा घेऊन. श्रीकांतनं रिक्षा आणली. बाबा निरोप द्यायला फाटकापर्यंत आले, ट्रंक स्वतः उचलून रिक्षात ठेवली, ती नीट बसली का ते दोनदा हलवून बघितलं, आणि आत गेले. ती तिथं पुष्कळ वर्षं राहिली. कोणत्या पोरी कोणत्या जातीच्या, कोण शिवलं, कोण नाही, हे तिनं तिथं कधी काढलं नाही. स्वतःचं सोवळं तिनं स्वतःपुरतं ठेवलं आणि पहाटे उठून त्या पोरींना गरम भाकरी करून घातल्या. मी भेटायला जाई तेव्हा ती घाईत असायची. मला त्याचा आनंदही व्हायचा आणि मत्सरही वाटायचा.

पण ती गेली त्या संध्याकाळचं सांगायला हवं. आम्ही चौघंच जेवायला बसलो होतो. बाबा पानाकडं बघत म्हणाले की उद्यापासून पहाटेचं नंदा बघेल. हे वाक्य येणार हे धरूनच मी कितीतरी दिवस हिंडत होते. त्याला उत्तर काय द्यायचं ते मात्र मला तोंड उघडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

‘‘बाबा, बटण तुमच्या हाताला येतं,’’ मी म्हटलं. ‘‘मला स्टूल लागतं.’’

आईनं बाबांच्या पानात भात वाढला. श्रीकांत खाली मान घालून जेवत राहिला. बाबांचं मला रागवायचं राहून गेलं, की ते ठरवूनच गप्प राहिले, हे मी पुढंही कधी विचारलं नाही.

पहाटे मला आपोआप जाग आली. शेजारी आक्काची गोधडी घडी घालून ठेवलेली होती. न्हाणीत ‘खट्’ असा आवाज झाला. मी उठून दारापर्यंत गेले. बाबा न्हाणीच्या उंबऱ्याशी पाटावर बसले होते, खांद्यावर पंचा, आणि वर गिझरच्या लाल दिव्याकडं बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते गरम पाण्याची वाट बघत होते. मला पाहून त्यांनी विचारलं, ‘‘याला किती वेळ लागतो गं?’’

‘‘वीसेक मिनिटं.’’

‘‘आणि बंबाला?’’

‘‘पाऊण तास. कधी तासभर. लाकूड ओलं असलं तर जास्ती.’’

पंचा त्यांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

‘‘तोवर काय करायची ती?’’

‘‘हेच,’’ मी म्हटलं. ‘‘बसून राहायची.’’